तिथे स्टुलं मिळत नाहीत का?

परदेशात पहिलं पाऊल ठेवल्यावर माणसाला काय वाटतं, यावर बरंच लिहून झालं आहे. कुणाचे डोळे दिपतात, कुणाला घर आठवतं, कुणाला नुसतीच थंडी वाजते. मुंगीला राग आला.

तिचं खरं नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे, ते तिथेच राहू द्या. घरात ती मुंगी, कारण लहानपणी ती एवढीशी होती आणि स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची. बादली, खुर्ची, एकदा तर शेजाऱ्यांची सायकल. पुढे ती बापापेक्षा उंच झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि त्याच्याबरोबर ओझंही. घरात काही उचलायचं असलं की हाक तिलाच. तीही ओ द्यायची. अशा मुलीला राग येऊ शकतो हे घरात कुणाला माहीत नव्हतं. तिलासुद्धा ते हॉस्टेलच्या खोलीत, जमिनीवर बसून, बॅग उघडल्यावर कळलं.

खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, दोन कपाटं आणि खिडकी मात्र एकच. ती आधी आलेल्या मुलीच्या वाट्याला गेली होती. ती मुलगी कानांत इअरफोन खुपसून भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मुंगीने बाबांनी बांधलेली सुतळी कापली, कुलूप काढलं, वरचे कपडे बाजूला केले आणि मधोमध स्वेटरमध्ये गुंडाळलेलं स्टूल अलगद उचलून बाहेर काढलं.

स्वेटरमधून मिक्सर निघाला.

कोरा. तीन भांडी, तीन झाकणं, आणि दुकानदाराचा शिक्का मारलेलं वॉरंटीचं कार्ड. मिक्सरच्या आत स्टूल असण्याची शक्यता कमी होती, तरी मुंगीने तिन्ही भांड्यांची झाकणं काढून आत डोकावून पाहिलं. राग येण्याच्या आधी माणूस थोडा वेळ मूर्ख होतो, तो असा.

आता हे स्टूल म्हणजे काय ते सांगायला हवं. दिसायला ते साधंच होतं. चार पाय, दोन आडव्या पट्ट्या, वर बैठक. पण त्यात एक खिळा नव्हता, स्क्रू नव्हता, गोंदाचा थेंब नव्हता. खाचेत लाकूड घट्ट बसायचं आणि उभं राहायचं; तळहाताने ठोकलं की पुन्हा सुटं होऊन बॅगेत मावायचं. जुन्या दाराच्या सागवानातून, गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींच्या दुकानात बसून तिने ते केलं होतं. त्याआधीची दोन बिघडली होती. पहिलं बाबा बसल्यावर मोडलं, दुसरं बाबा बसायच्या आधीच. तिसऱ्यावर बाबा बसेनात, म्हणून मिस्त्री स्वतः बसले, चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "जा आता."

ती निघाली होती फर्निचर शिकायला. कॉलेज मोठं होतं, पण तिला त्यातली एकच खोली हवी होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांची कार्यशाळा. कार्यशाळेत काम करायची बाकं मोजकी, आणि मुलं त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे मास्तरांचा नियम असा की पहिल्या सोमवारी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेली एक बिनखिळ्याची लाकडी वस्तू टेबलावर ठेवायची. मास्तर ती हाताळून बघणार. पसंत पडली तर बाक मिळणार. नाही तर वर्षभर कॉम्प्युटरवर लाकडाची चित्रं काढायची. फोटो चालणार नाहीत.

तिने घरी फोन लावला.

"पोचलीस? जेवलीस का गं?" आईने विचारलं.

"आई, माझं स्टूल कुठंय?"

"आहे की इथेच! अजिबात काळजी करू नकोस. बाबा त्याच्यावर बसून बूट घालतात आता. वाकावं लागत नाही बघ त्यांना. फार सुबक केलंयस हं."

"ते बॅगेतून कुणी काढलं?"

"मी नाही बाई. तू मिस्त्रींच्या पाया पडायला गेली होतीस ना, तेवढ्यात ताई आल्या." ताई म्हणजे बाबांची थोरली बहीण, मुंगीची मोठी आत्या; राहायची जवळच, पण दिवस यांच्याकडेच काढायची. दादा तिचा मुलगा. "त्यांना दादाकडे मिक्सर पाठवायचा होता. म्हणाल्या, पोरगी जातेच आहे तर. बॅग उघडून बघतो तर मधोमध ही लाकडं. मी म्हटलं हो त्यांना, की ते तिचं कॉलेजचं काहीतरी आहे. तर म्हणाल्या..."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, अगं, तिथे स्टुलं मिळत नाहीत का?"

तेवढ्यात बाबांनी फोन घेतला. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "वजनाचं टेन्शन घेऊ नकोस हं. मी स्वतः काट्यावर ठेवून पाहिलं. जेवढं स्टूल तेवढाच मिक्सर. जरासुद्धा फरक नाही! सुतळी पण मीच बांधली."

"बाबा, मला सोमवारी ते दाखवायचंय. त्याच्यासाठीच आलेय मी इथे."

बाबा म्हणाले की आत्ता जाऊन कुरिअरवाल्याला विचारतो. गेले, विचारून आले आणि परत फोन लावला. लाकडाला कीड आहे की नाही ते बघायला तिकडची माणसं सामान ठेवून घेतात, सोमवार तर नाहीच, पण पुढचा महिनाही सांगता येत नाही, असं कळलं. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांच्यामागून आत्याचा आवाज मात्र ठणठणीत येत होता, आणि मग फोनही तिच्याकडेच आला.

"मुंगे, मिक्सर नीट आला ना? ठेवताना जपून ठेव. शनिवारी सकाळीच दादाकडे नेऊन दे, तो वाट बघतोय."

"आत्या, तू माझं स्टूल काढलंस."

"अगं, लाकूडच ते! आपला दादा आहे तिथे, तो देईल की तुला एखादं. आणि हा कुठला सूर? विमानात बसून गेली नाही तोच मुंगीला पंख फुटले!"

पंख विमानाला होते, मला बसायला स्टूल हवं होतं, हे उत्तर मुंगीला फोन ठेवल्यावर सुचलं. चांगली उत्तरं फोन ठेवल्यावरच सुचतात. कुटुंबं टिकून आहेत ती त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना व्हरांड्यात गाठलं. मास्तर ठेंगणे, जाड भिंगांचे, शर्टाच्या खिशात पेन्सिलींचा जुडगा. तिने झाला प्रकार सांगितला आणि मोबाईलवर स्टुलाचा फोटो दाखवला. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नीट पाहिला.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "फोटोग्राफीचा विभाग पलीकडच्या इमारतीत आहे."

"सर, मला थोडी मुदत मिळाली तर..."

"सोमवारी," मास्तर म्हणाले आणि चष्मा खाली घेऊन चालू लागले.

त्यानंतर मुंगीला दार आपटायची फार इच्छा झाली, आणि तिला या शहराबद्दल पहिली खरी माहिती मिळाली. इथली दारं आपटत नाहीत. प्रत्येक दाराच्या डोक्यावर एक दांडी असते. दार कितीही जोरात ढकला, ती दांडी त्याला मध्येच धरते आणि समजूत घातल्यासारखं हळूहळू मिटवते. मुंगीने कॉलेजचं दार ढकललं, ग्रंथालयाचं ढकललं, हॉस्टेलचं तर दोनदा ढकललं. सगळी दारं "जाऊ दे, जाऊ दे" करत मिटली. माणसंही तशीच. रस्त्यात हिचाच धक्का लागला तरी समोरचाच माफी मागून पुढे जायचा. भांडायला माणूस मिळेना. तिने शहरातले ते पहिले दिवस असे काढले, की कुणी विचारलं असतं तर तिला एक पूल किंवा एक इमारत सांगता आली नसती. दांड्या मात्र सगळ्या सांगता आल्या असत्या.

भांडायला माणूस शनिवारी मिळाला.

दादा म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा. बरीच वर्षं याच शहरात नोकरीला. विमानतळावर घ्यायला येणार होता, पण त्याला मीटिंग होती. मग त्याने पत्ता पाठवला आणि बस कुठे बदलायची तेही. मुंगी मिक्सर मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने मिक्सरकडे आणि मुंगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

दार वहिनीने उघडलं. हात पिठाचे, केसांना मनगटाने मागे सारत तिने आधी मुंगीच्या हातातल्या वस्तूकडे पाहिलं.

"अय्या, आणखी एक?"

आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... ये ना, ये. केवढी उंच झालीस! अहो, मुंगी आलीय."

"आणखी एक म्हणजे?" मुंगीने उंबऱ्यातूनच विचारलं.

दादा बाहेर आला. गोरा, गुबगुबीत, घरातसुद्धा मोजे. "अरे वा! आलीस? दे, दे इकडे. त्रास झाला का?" त्याने मिक्सर घेतला आणि पॅसेजच्या टोकाला असलेल्या भिंतीतल्या कपाटाकडे निघाला. तो पाठमोरा असतानाच त्याला कळलं असावं की मुंगी मागून येतेय, कारण कपाट उघडताना तो जरा आडवा उभा राहिला. पण मुंगी त्याच्यापेक्षा उंच होती.

आत एक रुंद फळी होती. फळीवर ओळीने तीन मिक्सर बसले होते. कोरे दिसणारे, खोक्यातून काढलेले, पंगतीत वाढायची वाट बघत असल्यासारखे.

"हे काय आहे?" मुंगी म्हणाली.

"आईने पाठवलेत."

"मग वापरत का नाही?"

"इथे चालत नाहीत गं. इथली वीज वेगळी. पहिला आला तेव्हा जोडणी बदलून लावून पाहिला. धूर आला."

"मला वाटलं घर जळतंय," वहिनी म्हणाली. "खिडक्या उघडून मी खाली पळाले."

"मग तू आत्याला फोन केलास ना?"

"लगेच केला."

"काय सांगितलंस?"

दादाने मिक्सर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "सांगितलं, छान आहे."

"छान आहे?"

"अगं, तिने एवढ्या हौसेने पाठवलेला. नाही कसं म्हणायचं?"

"दुसरा?"

"आई म्हणाली, एवढा छान आहे तर आणखी एक असू दे. बिघडला तर हाताशी."

"आणि तिसरा?"

"तो हिच्या माहेरी द्यायला."

"वहिनीचं माहेर आमच्या मागच्या गल्लीत आहे, दादा!"

"हो ना. पण आईच्या ते लक्षात आलं नाही, आणि मी..."

"छान आहे म्हणालास."

दादाने मान हलवली. तो माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं एवढं नुकसान करू शकत नाहीत. त्यांना लोक आधीच ओळखून असतात.

"हे तीन कुणी आणले?" मुंगीने विचारलं.

"कुणी ना कुणी. शिकायला येणारी मुलं. आईच्या ओळखीची."

"आणि त्यांच्या बॅगेतून काय काढून ठेवलं?"

"म्हणजे?"

"मिक्सर हवेत नाही ना येत. त्याच्या जागी कुणाचं तरी काहीतरी होतंच. कधी विचारलंस?"

दादाने कधी विचारलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून असंही दिसत होतं की अशी काही गोष्ट विचारता येते हेच त्याला आत्ता कळत होतं. मुंगीने त्याला स्टूल, मास्तर, सोमवार सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आत्याला फोन लाव. माझ्यासमोर. आणि सांग, नको."

"आत्ता?"

"आत्ता. सगळ्यांना ऐकू येईल असा."

दादाने फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडे घंटा दोनदा वाजली नाही तोच आत्या.

"मिळाला का रे राजा?"

दादाने छताकडे पाहिलं. वहिनीकडे पाहिलं. छताकडून काही मदत मिळाली नाही, वहिनीकडून तर नाहीच नाही.

"मिळाला आई," तो म्हणाला. "छान आहे."

वहिनीने पिठाचे हात तोंडावर घेतले. मुंगी टेबलाशी वाकली. "आत्या, छान नाहीये. एकही चालत नाही इथे. तीन कपाटात पडलेत, चौथा ह्याच्या हातात आहे. पहिल्यातून धूर निघाला होता, आणि हा गेली कित्येक वर्षं तुला थापा मारतोय."

आत्याने शांतपणे विचारलं, "दादा, काय म्हणतेय रे ही?"

"काही नाही गं," दादा म्हणाला. "ती दमलीय."

मुंगी तरातरा पॅसेजच्या टोकाला गेली आणि तिने कपाटाचं उघडं दार आपटलं.

या दाराला दांडी नव्हती. त्या शहरात आल्यापासून तिने ऐकलेला तो पहिला खणखणीत आवाज. आतले मिक्सर किणकिणले, दादाचे मोजे जमिनीवरून जरासे उचलले गेले, आणि आत्या म्हणाली, "दमली असेलच पोरगी. मुंगे, ऐक. रुसू नकोस. तुझ्या स्टुलाची सोय केलीय मी."

"काय?"

"वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा मुलगा आज तिकडेच यायला निघतोय. उद्या पोचेल. तुझं स्टूल त्याच्या बॅगेत घातलंय. आता झालं समाधान? उगीच आत्याच्या नावाने खडे फोडतेस."

मुंगी खुर्चीत बसली. उद्या पोचेल. परवा सोमवार. सागवानाचं ते स्टूल, मिस्त्री ज्याच्यावर बसून चहा प्यायले होते ते, टेबलावर उभं असलेलं तिला दिसलं. मास्तर चष्मा कपाळावर चढवताना दिसले. ती आत्याला चांगलं काहीतरी बोलणार होती. तिने नुसतंच विचारलं, ते सवयीने. ओझी वाहणाऱ्या माणसाला ती सवय असते.

"त्याच्या बॅगेत जागा होती?"

"जागा कसली! गच्च भरलेली. मीच जाऊन केली."

"काय काढलंस?"

"अगं, दगड! खरंच सांगते, दगड भरले होते त्या पोराने. डब्यांतून, कापसात गुंडाळून, वर चिठ्ठ्या चिकटवून. डोंगर हिंडून गोळा केलेत म्हणे, त्याच्या अभ्यासाचे. मी म्हटलं, अरे, तिथे दगड मिळत नाहीत का?"



"त्याला माहितीये?" मुंगीने विचारलं.

"तो मित्रांना भेटायला गेला होता. वकिलीणबाई होत्या ना. त्या म्हणाल्या, बरं झालं, जडच होते."

मुंगीने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. ती काहीच बोलली नसती तरी चाललं असतं. दगड तिने काढले नव्हते. उद्या विमानतळावर जाऊन स्टूल घ्यायचं, त्या मुलाला बॅग उघडताना बघायलाही थांबायचं नाही. तो त्याच्या हॉस्टेलच्या जमिनीवर बसेल, सुतळी कापेल, मग डब्यांच्या जागी काय आहे ते बघेल. फार तर डोकावून पाहील.

"आत्या, ते दगड परत भर."

"आणि तुझं स्टूल?"

"काढ."

"अगं, वेड लागलं का? आत्ता तर त्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतंस!"

"काढ म्हणते ना! त्याचे डबे होते तसे ठेव. चिठ्ठ्यांसकट. तो निघायच्या आत. बाबांना फोन दे, ते वर जाऊन बघून येतील."

"तुझ्यासाठीच केलं ना गं मी?" आत्याचा आवाज आता खरोखर दुखावलेला होता. "भलं करायला जावं तर ही तऱ्हा. पोरांसाठी जीव टाकायचा, आणि पोरं..."

"तू भलं करतेस आणि प्रत्येक वेळी कुणाचं तरी सामान बाहेर येतं!" मुंगी ओरडली. ती फोनवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडली होती, त्यामुळे आवाज कुठपर्यंत न्यायचा याचा तिला अंदाज नव्हता; तो बराच वर गेला. "तुझा एक मिक्सर म्हणजे माझं एक वर्ष आहे, आत्या! आणि ह्याच्या एका 'छान आहे'मुळे तू पाठवत बसलीस! बाबांना दे फोन."

बाबा आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मुंगीचा आवाज असा होता की फोन नसता तरी गेलं असतं.

"जातो वर," ते हळूच म्हणाले. "पण ताईला काय सांगू?"

"सांगा, ती दमलीय."

फोन बंद झाला. दादाने चौथा मिक्सर अजून कडेवर घेतला होता. थोड्या वेळाने बाबांचा निरोप आला की डबे बॅगेत गेले, सगळे, आणि स्टूल दाराशी आहे.

म्हणजे सोमवारसाठी आता काहीच नव्हतं.

मुंगी उठली, कपाटापाशी गेली आणि दार उघडलं. मिक्सरांकडे तिने पाहिलं नाही. फळी खालून चाचपली, नख मारलं, बोटाने ठोकून आवाज ऐकला.

"ही फळी कसली आहे?"

"घराबरोबर आलीय," दादा म्हणाला. "आधीच्या मालकाची. का?"

"भुसा दाबून केलेली नाही. अख्खं लाकूड आहे." ती वळली. "मला द्या ही."

"आणि मिक्सर कुठे ठेवू?" वहिनीने विचारलं.

"जमिनीवर. येता-जाता ह्याच्या पायाला लागतील असे."

"घे," वहिनी म्हणाली आणि तिने स्वतःच पहिला मिक्सर उचलला. आणि दादाला म्हणाली, "ती तुमची हत्यारांची पेटी काढा. घर स्वतःच्या हातांनी सजवायला घेतली होतीत ना? सील तरी तुटेल."

गाडी ठेवायच्या खोलीत, गाडी बाहेर काढून, त्यांनी फळी दोन खुर्च्यांवर आडवी टाकली. पेटीत करवत होती, खाचा पाडायची पटाशी होती, लाकडी हातोडा होता, सगळं प्लॅस्टिकच्या कागदात. मुंगीने पेन्सिलीने रेघा मारल्या आणि कापायला सुरुवात केली.

रागाने लाकूड कापता येत नाही. पहिला पाय तिने रागाने कापला. करवत रेघ सोडून गेली आणि पाय केळ्यासारखा निघाला. तिने तो बाजूला टाकला, दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि परत आली. राग गेला नव्हता. तिने तो फक्त रेघेवर आणला.

दादा फळी धरून बसला होता. बराच वेळ झाल्यावर म्हणाला, "मी काय करायला हवं होतं गं?"

"घट्ट धर."

"नाही, म्हणजे आईच्या बाबतीत..."

"तेच सांगतेय. काहीतरी एक घट्ट धर. ही फळीसुद्धा हलतेय."

त्याने धरली. रविवारी उजेड होता तोवर खाचा पाडून झाल्या. पायांना लाकूड पुरलं, पट्ट्यांना जेमतेम पुरलं. बैठकीसाठी फळीचा मधला तुकडा उरला होता. त्याच्यावर मिक्सरांच्या रबरी पायांचे गोल काळे ठसे होते, वर्षानुवर्षं एकाच जागी बसून लाकडात उतरलेले. दादाने पेटीतला रंधा पुढे केला. "घासून काढायचे?"

"राहू दे," मुंगी म्हणाली.

सोमवारी कार्यशाळेच्या लांब टेबलावर वस्तू मांडल्या होत्या. एक झाकणाची पेटी, इतकी गुळगुळीत की तिच्यात तोंड दिसावं. एक होडी. एक दिव्याचा खांब. त्यांच्या रांगेत मुंगीचं स्टूल म्हणजे लग्नात घरच्या कपड्यांत आलेला पाहुणा. मास्तर एकेक वस्तू उचलत, उलटी करत, नाकाशी नेत येत होते. तिच्यापाशी आल्यावर त्यांनी स्टूल टेबलावरून उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसले. ते डुगडुगलं.

"एक पाय लांब आहे," बसूनच ते म्हणाले.

"हो."

"फोटोतल्याचा नव्हता."

"ते घरी आहे. वडील त्यावर बसून बूट घालतात."

"मग ते जमलं असणार." ते उठले, स्टूल उलटं करून त्यांनी सांधे ओढून पाहिले, पिळून पाहिले. सांधे हलले नाहीत. मग त्यांचा अंगठा बैठकीवरच्या ठशांवर थांबला. "हे काय?"

"यंत्रांचे पाय. बरीच वर्षं उभी होती त्यावर."

"रंधा मारला असतास तर गेले असते."

"माहितीये," मुंगी म्हणाली. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मास्तरांनी चष्मा कपाळावर नेऊन तिच्याकडे पाहिलं. लाकडाकडे पाहतात तसंच.

"खिडकीजवळचं बाक," ते म्हणाले. "वारा लागतो, तक्रार करायची नाही. आणि त्या पायाखाली कागदाची घडी घालू नकोस, सगळे तेच करतात. पाय काप."

पायावर खूण करत असताना तिचा फोन वाजला. दादा होता. धापा टाकत होता.

"मुंगे, सांगितलं मी! आईला! चक्क म्हटलं, मिक्सर नको. चालत नाही, आणि पुन्हा पाठवू नकोस."

मुंगीने करवत खाली ठेवली. "मग?"

"आधी काही बोललीच नाही. मला वाटलं रडते की काय. मग म्हणाली, बरं बाबा, तुला नको तर नको."

"बघ! एवढंच होतं."

"हो ना. म्हणाली, मग मुंगीला कुकर पाठवते. हॉस्टेलात कुकर नसेल." दादाचा आवाज खाली गेला. "तुझ्या बाबांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी मुलगी येतेय म्हणे पुढच्या आठवड्यात. तिला अजून माहीत नाहीये."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं... आई, हे तू मुंगीलाच विचार."

ही प्रगतीच होती. मुंगी फोन घेऊन बाहेर आली. कार्यशाळेचं दार जुनं होतं, त्याला दांडी नव्हती. ते तिच्यामागे असं आपटलं की आतून कुणीतरी हातोडा पाडला. आत्याने फोन पहिल्याच घंटेला उचलला.

"आत्या, मला कुकर नको."

"अगं, छोटासाच आहे. आणि तिथे—"

"इथे मिळतात."

"महाग असतील गं."

"असू देत. नको."

पलीकडे आत्या थांबली. ती असं थांबायची ते दुसऱ्या बाजूने यायला, हे मुंगीला ठाऊक होतं. एरवी तिने इथेच "ठेवते गं" म्हटलं असतं. आता ती भिंतीला टेकून, फोन कानाला धरून, तशीच उभी राहिली. पुढचं उत्तर फोन ठेवायच्या आधी सुचायला हवं होतं.